चार सेंटिमीटर

टार्टू, फेब्रुवारी. नदी गोठून गप्प झाली आहे.
दर गुरुवारी मी टेकडी चढते,
आधी उजवा पाय, मग डावा, मग काठी,
वैद्यकाच्या मुलांपुढे बसायला.
तासाचे बारा युरो, आणि हीटर माझ्याकडे वळवलेला.

"हाडं त्यांना पाठ आहेत," विर्वे म्हणाली होती, चित्र शिकवणारी,
"लॅटिन नावांसकट. बघणं येत नाही.
एन्द्ला, तू नुसती बस."

नुसतं बसणं सोपं नसतं.
शिवणयंत्रापुढे चाळीस वर्षं बसले, तेव्हा हात तरी चालायचे.
इथे मीच कापड.

चौथ्या वर्षी ताप आला, उतरला,
उतरताना डाव्या पायातलं काहीतरी घेऊन गेला.
तेव्हापासून तो चार सेंटिमीटर मागे आहे,
शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा.
चांभाराने बूट उंच केला. आईने स्कर्ट लांब केला.
डॉक्टरांनी फाइल जाड केली.

पहिल्या दिवशी वर्गभर कोळशाची खसखस,
पोत्यात उंदीर शिरावेत तशी.
मग सगळे कागद भिंतीला टाचले.
एका मुलीने फक्त चेहरा काढला होता, फार देखणा,
कमरेखाली धुकं.
एकाने बूट काढला होता, टाका न् टाका मोजून;
आत पाय होता की नाही, कोण जाणे.
आणि योसेप, कान लाल, नखांत काजळी,
त्याने दोन्ही पाय सारखे काढले होते.
गुडघ्याला गुडघा, घोट्याला घोटा.

सदुसष्ट वर्षांत मला कोणी
इतक्या स्वस्तात बरं केलं नव्हतं.

"तुम्हाला आवडेल असं वाटलं," तो म्हणाला.
आवडलं. तेच तर वाईट.
क्षणभर त्या कागदातल्या बाईचा हेवा वाटला,
मग संताप आला: ही टवळी कोण,
माझ्या खुर्चीत, माझा अंबाडा घालून?
"माझे चार सेंटिमीटर परत दे," मी म्हटलं.
वर्ग हसला. तो हसला नाही.

पुढच्या गुरुवारी त्याने जागा बदलली,
खिडकीशी, माझ्या उजव्या हाताला.
अर्धा तास नुसतं काढणं आणि खोडणं.
विर्वे दोनदा पाठीमागून गेली, काही बोलली नाही.
मग त्याने हळूच विचारलं,
"हा गुडघा रात्री दुखतो का?"

हा म्हणजे उजवा.
धडधाकट. कुठल्याच फाइलीत नसलेला.
जन्मभर सगळ्यांनी डाव्याची चौकशी केली,
आणि हा दोघांचं ओझं वाहत राहिला,
घरातल्या थोरल्या बहिणीसारखा,
जिला कोणी जेवलीस का विचारत नाही.

"तुला कसं कळलं?"
"सावली जमेना," तो म्हणाला. "चारदा खोडली.
तिथे सूज धरल्याशिवाय ती तशी पडतच नाही."

"नाही दुखत," मी म्हटलं.
मग स्कर्ट सारखा केला.
मग म्हटलं, "दुखतो. तीन वर्षं झाली. पहाटे जास्त."
आवाज जुन्या चादरीसारखा फाटला,
एकदम, सरळ रेषेत.
त्याच्याकडे अजून गोळी नाही, सही नाही, शिक्का नाही.
त्याने कोळसा खाली ठेवला, इतकंच.

परवा तो उसवलेली पॅंट घेऊन घरी आला.
मी खालची पट्टी उलगडून दाखवली:
"हे बघ, इथे आत थोडं कापड जास्तीचं ठेवतात.
अंग बदलतं, मापं चुकतात. कापून टाकलं की संपलं.
आमच्या धंद्यात याला माया म्हणतात."
"किती ठेवायची?"
त्याने खरोखरच खिशातून वही काढली.

"माणूस बघून," मी म्हटलं,
आणि दातांनी दोरा तोडला.